अर्धा व्होल्ट

गॅसवर चहाचं पातेलं होतं, पण आत चहा नव्हता. नुसतं पाणी खळखळत होतं. पातेल्यावर आडवं लाटणं ठेवून त्याला सुतळीनं पितळेचा एक बोटभर तुकडा बांधला होता आणि तो तळाला टेकणार नाही अशा बेतानं पाण्यात सोडला होता. तुकड्यातून निघालेल्या दोन तारा ओट्यावरच्या मल्टिमीटरला जोडलेल्या. शेजारी थर्मामीटर, शंभरपानी वही आणि पेन.

"काय शिजवायलास रे?" आईनं विचारलं.

"सेन्सर," तो म्हणाला आणि त्यानं वहीत लिहिलं : ९८ अंश, १९५ ओहम.

पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण समुद्रसपाटीला. त्याचं मांजरसुंबा बालाघाटच्या माथ्यावर वसलं आहे. बीडहून सोलापूरकडे निघालं की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव मागे पडतो, घाट लागतो आणि घाट चढून वर आलं की हे चौफुल्याचं गाव. एक रस्ता सोलापूरला जातो, एक पाटोदा-जामखेडवरून अहिल्यानगरला, एक केजवरून अंबाजोगाईला. कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला निघालेल्या दिंड्या याच चौकातून वळतात. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. म्हणून वहीत ९८. त्यानं पुस्तकातलं १०० लिहून टाकलं असतं, तर ती दोन अंशांची चूक पुढे तो बांधत असलेल्या इंजिनाच्या प्रत्येक आकड्यात मुरली असती आणि कुणाच्या लक्षातही आली नसती.

दुसरा आकडा त्यानं बर्फावर घेतला. फेब्रुवारी सरत आला होता, चौकातली रसवंती नुकतीच सुरू झाली होती. तिथून पिशवीभर बर्फ आणला, फोडून स्टीलच्या डब्यात भरला, थोडं पाणी घातलं आणि बर्फ वितळत असतानाच सेन्सर आत खुपसला. शून्य अंशाला ५,९०० ओहम. तिसरा आकडा सावलीत ठेवलेल्या घागरीतल्या पाण्याचा. तापमान वाढेल तसा या सेन्सरचा विद्युतरोध उतरतो, आणि तो सरळ रेषेत उतरत नाही, आधी झपाट्यानं आणि मग हळूहळू. तीन ठिकाणचे खरे आकडे दिले की मधला सगळा वक्र संगणक स्वतः काढतो. मात्र ते तीन आकडे खरे असावे लागतात.

ही सवय त्याला पुण्यात लागली. बारावीनंतर आयटीआय आणि मग चाकणच्या बाजूला एका इंजिन-चाचणी विभागात कंत्राटी काम. पुणे हे या कामाचं जुनं ठिकाण. एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था तिथे १९६६ पासून आहे. आणि मांजरसुंब्याहून जामखेडमार्गे ज्या अहिल्यानगरला एसटी जाते, तिथे संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, तीही गाड्याच तपासते. मराठवाड्यातली कितीतरी पोरं अशा कामांवर आहेत. त्याचं काम होतं इंजिनावर सेन्सर बसवायचं. एकेका इंजिनातून शंभरावर तारा निघत. काचेपलीकडे इंजिनिअर पडद्यावर आलेख बघत आणि काचेअलीकडे, तेलात हात घालून, त्या आलेखातला प्रत्येक ठिपका जिथून जन्माला येतो ती जागा हा तयार करत असे.

तिथे एकदा एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या चार थर्मोकपलपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा सत्तर अंशांनी कमी यायला लागला. दोन दिवस सगळे त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासत बसले. शेवटी थर्मोकपल काढला तेव्हा कळलं, त्याचं टोक वायूच्या धारेत नव्हतंच, ते पाइपाच्या भिंतीला टेकलं होतं. तो वायूचं नाही, भिंतीचं तापमान सांगत होता, आणि भिंतीचं तापमान बरोबरच सांगत होता. बसवला यानंच होता. पुढे कुठलाही सेन्सर हातात घेतला की तो आधी स्वतःला विचारायचा, हा नेमका कशाला शिवणार आहे?

कंत्राट संपलं आणि तो गावी परतला. घराला लागून पत्र्याचं शेड टाकलं, महामार्गावरच्या गाड्यांची कामं घेऊ लागला. पोट त्यावर चालतं. पण या लेखाचा विषय आहे शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असलेली त्याची स्वतःची जिप्सी.

मारुतीची जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरात आली, ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ साली १.३ लिटरची जिप्सी किंग आली आणि पुढे तिला सोळा व्हॉल्व्हचं, इंजेक्शनचं जी१३बीबी इंजिन मिळालं, ८० अश्वशक्तीचं. लष्करानं ती हजारोंनी घेतली. मातीवरच्या शर्यती आणि रॅलीत उतरणाऱ्या पोरांनीही ती उचलली, कारण ती हलकी आहे, साधी आहे आणि तिचा कुठलाही भाग जुन्या बाजारात मिळतो. त्याच्याकडची जिप्सीही अशीच फिरत फिरत आलेली. इंजिन धूर मारत होतं. उघडायचंच आहे तर मग मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी नीट ताकदीचं बांधू, असं त्यानं ठरवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला पाठ आहे : नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे ही जिप्सी शर्यतीला जाईल तेव्हा ट्रकच्या पाठीवर बसून जाईल आणि तिचा सराव शेतात होईल.

ब्लॉक बीडला बोअरिंगवाल्याकडे गेला. ७४ मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरनं वाढवून ७४.५ झाला. ७५.५ च्या स्ट्रोकनं गुणलं तर १,२९८ सीसीचं इंजिन १,३१६ च्या घरात गेलं. हेडला फेसिंग मारून कॉम्प्रेशन थोडं चढवलं. यातून येणारी ताकद फार नाही. पण कॉम्प्रेशन चढलं की चुकीला मिळणारी माफी कमी होते, आणि सेन्सर लागतात ते इथे.

बहुतेक लोक इंजिन बांधून, गाडीत बसवून, चालू करून मग गेज लावायला घेतात. मग जिथे हात पोचेल तिथे सेन्सर बसतो. तो उलटा गेला. उघडा, धुतलेला, रिकामा ब्लॉक शेडमधल्या टेबलावर असतानाच त्यानं खडूनं जागा आखल्या. भोक पाडायचं, आटे पाडायचे तर ते याच वेळी, कारण ड्रिलचा कीस तेलाच्या वाटेत गेला तर नवीन बेअरिंग तासाभरात खाऊन टाकतो. बांधलेल्या इंजिनाला भोक पाडणारा मेकॅनिक कितीही हुशार असो, त्याचं काम चुकीचंच म्हणायला हवं. ग्रीस लावलेल्या टॅपला कीस चिकटतो हे खरं, पण 'चिकटतो' यावर इंजिन सोडता येत नाही.

पहिली अडचण आली ती तेलाच्या दाबाच्या सेन्सरची, आणि ती आट्यांची होती. कंपनीचा जुना स्विच ब्लॉकमध्ये बसतो त्या जागेचे आटे आहेत ब्रिटिश पद्धतीचे, एक अष्टमांश इंची, निमुळते, इंचाला २८. मागवलेला सेन्सर आला अमेरिकी आट्यांचा, तोही एक अष्टमांश, निमुळताच, पण इंचाला २७. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हातानं दोन-अडीच फेरे आत जातात आणि मग घट्ट होतात. वाटतं, बसला. प्रत्यक्षात आटे एकमेकांवर चढलेले असतात, त्यांचे कोनही वेगळे, एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. पाना लावून रेटलं तर पितळ आणि ॲल्युमिनियम यांत ॲल्युमिनियम हरतं. जी१३ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचाच आहे, आत बिडाचे लायनर. भंगारातून आणलेल्या एका फुटक्या ब्लॉकवर त्यानं आधी करून पाहिलं. तिसऱ्या फेऱ्याला बारीक 'टक्' असा आवाज आला आणि भोकाच्या कडेला केसाएवढी चीर गेली.

चांगल्या ब्लॉकवर त्यानं सेन्सर थेट बसवलाच नाही. लेथवाल्याकडून एका बाजूला २८ चे आणि दुसऱ्या बाजूला २७ चे आटे असलेला पितळी जोड करून घेतला, त्यातून विणलेल्या तारेची नळी काढली आणि सेन्सर बॉनेटखालच्या मागच्या पत्र्यावर पट्टीनं बांधला. इंजिनावर लोंबकळणारा जड सेन्सर कंपनानं मानेत मोडतो आणि मग त्या भोकातून सगळं तेल रस्त्यावर येतं. वाटेत एक टी टाकून त्यावर जुन्या पद्धतीचा काट्याचा गेजही लावला. हा काटा लावल्याचा पुढे कधीच पश्चात्ताप झाला नाही.

पाण्याच्या सेन्सरची जागा त्यानं हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे धरली. पलीकडे बसवला तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तो थंड पाण्यातच बसून राहतो आणि इकडे हेड तापत असतं. या जागेतही एक खोट आहे. पाणी गळून पातळी खाली गेली की सेन्सरचं टोक हवेत उघडं पडतं आणि आकडा वाढायच्या ऐवजी उतरतो. गाडी तापून जाम होत असते आणि डॅशबोर्ड म्हणतो, सगळं थंड आहे. घाटात अशा गाड्या त्यानं ओढून आणल्या आहेत. चालक शपथेवर सांगतात की काटा वर गेलाच नव्हता. ते खरंच सांगत असतात. म्हणून दुसरा, स्वस्तातला एक स्विच त्यानं हेडच्या धातूतच बसवला, पाण्याशी काही संबंध नसलेला.

या सगळ्या सेन्सरांचं ऐकणारा मेंदू म्हणजे स्पीडुइनो. ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्टनं सुरू केलेला हा खुला प्रकल्प, आर्डुइनो मेगा २५६० या शाळकरी प्रयोगांतल्या बोर्डावर चालणारा. आराखडे सगळ्यांना मोकळे आहेत, बोर्ड स्वतः डाग देऊन जोडता येतो. सेन्सरकडून येणाऱ्या शून्य ते पाच व्होल्टचे तो १,०२४ तुकडे करतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. पुण्याच्या चाचणी विभागातल्या कपाटाएवढ्या यंत्रांपुढे तो काहीच नाही. पण त्या कपाटात काय चाललंय हे त्याला कुणी कधी दाखवलं नव्हतं, आणि हा बोर्ड त्यानं स्वतः जोडला होता.

मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर नळीनं जोडायचा असतो. इंजिन बंद असताना चावी फिरवली की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हा आकडा १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. इथे पडद्यावर ९३ आला. पातेल्यातल्या पाण्यानं दोन अंश कमी होऊन जे सांगितलं होतं तेच या सेन्सरनं वेगळ्या भाषेत सांगितलं. वही काढून त्यानं दोन्ही आकडे शेजारी लिहिले. दोन वेगळ्या वस्तू एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्यांच्यावर भरवसा ठेवायला सुरुवात करता येते.

सायलेन्सरच्या बेंड पाइपात बसला लॅम्बडा सेन्सर, बॉशचा रुंद पल्ल्याचा. जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे ते तो सांगतो. १९७६ साली कॅलिफोर्नियासाठी निघालेल्या व्होल्व्हो गाड्यांत बॉशचा पहिला असा सेन्सर लागला, तेव्हा तो फक्त 'पेट्रोल जास्त' की 'कमी' एवढंच सांगू शकत असे. हा नवा किती जास्त, किती कमी तेही सांगतो. पण नाजूक आहे. त्याची आतली सिरॅमिकची पट्टी तापून लाल झालेली असते, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडकते. थंड इंजिन चालू केलं की पाइपात पाणी साचतंच, म्हणून तो पाइपाच्या खालच्या अंगाला कधी बसवायचा नाही. टोक खाली उतरतं राहील असा, घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान बसवायचा. वेल्डिंग करताना यानं तारेचा तुकडा टांगून ओळंबा धरला.

आता या सेन्सरनं एक जुना पाठ मोडून काढला. पूर्वी प्रत्येक मेकॅनिक १४.७ हा आकडा पाठ म्हणायचा : एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पण आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, त्यात वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याला नऊ भाग हवा पुरते. मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा साडेतेराच्या आसपास येतो. १४.७ धरून पेट्रोल सोडलं तर इंजिन कायम उपाशी चालेल, तापेल, पिस्टन वितळेपर्यंत जाईल. म्हणून त्यानं पडद्यावर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठेवलंच नाही, नुसता लॅम्बडा ठेवला. तिथे १ म्हणजे इंधन कुठलंही असो, हवा जेवढी हवी तेवढीच.

हे मांजरसुंब्यात बसून वाचताना दुसरंही काही दिसतं. या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो, आणि ऊस तोडायला दर दिवाळीनंतर याच बालाघाटातून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब माणसांचा नव्हे, कोयत्यांचा होतो. त्याचा चुलता आणि चुलती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्यावरून परत आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांसकट. चुलत्यानं शेडमध्ये डोकावून विचारलं, हे यंत्र काय मोजतं. तो म्हणाला, "तुमचा ऊस मोजतंय, नाना. पेट्रोलमध्ये मिसळलेला." चुलता बराच वेळ पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आमी तोडलेला किती, ते पण सांगतंय का?"

नॉक सेन्सर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ब्लॉकवर बसला. इंजिनात मिश्रण वेळेआधी, एकदम पेटलं की धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. हा आवाज किती कंपनांचा असेल ते बोअरवरून काढता येतं. ९०० ला पाय गुणिले बोअरच्या निम्म्यानं भागायचं. ७४.५ च्या बोअरला उत्तर येतं ७.७ किलोहर्ट्झच्या जवळ. सेन्सर धातूला थेट टेकला पाहिजे, खाली वायसर नाही, रंग नाही, आणि बोल्ट टॉर्क पान्यानं २० न्यूटन-मीटरवर आवळायचा. सैल राहिला तर बहिरा होतो, फार आवळला तरी बहिरा होतो.

त्याचे वडील, आण्णा, आयुष्यभर मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर. इंजिनात कुठे काय वाजतंय ते स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून ते सांगत. त्यानं नॉक सेन्सरची तार छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. इंजिन अजून चालू व्हायचं होतं, म्हणून नुसती चाकं वर उचलून हातानं क्रँक फिरवला. आण्णांनी डोळे मिटले. "एक टॅपेट ढिल्लं हाय," ते म्हणाले. "मागून दुसरं." त्यानं फीलर गेज घातला. खरंच ढिलं होतं.

क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांचं चाक बसवलं, त्यातला एक दाता मुद्दाम काढलेला. दर दाता दहा अंश, आणि जिथे दाता नाही तिथून मोजणी सुरू. त्या चाकासमोरचा सेन्सर पाऊण मिलिमीटरवर. तो इतका साधा आहे की त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण तारांबद्दल मात्र आहे. त्याची तार जाळीच्या आवरणाची असते आणि ती जाळी एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली तर इंजिनाचा सगळा विजेचा गोंगाट त्या जाळीतून वाहतो आणि बोर्डाला नसलेले दाते दिसू लागतात. सगळ्या सेन्सरांचे अर्थ एकाच ठिकाणी, बोर्डाजवळ. ठिणगीच्या कॉइलचा अर्थ वेगळा, इंजिनावर. तीन रात्री तो नुसत्या तारा गुंडाळत बसला होता. बघणाऱ्याला वाटावं, पोरगं रुखवताचं काम करतंय. सेन्सर विकत मिळतो, जोडणी मिळत नाही. या कामातला निम्म्याहून अधिक वेळ आणि जवळपास सगळं कसब तारांमध्ये जातं, हे ज्यानं केलंय तोच सांगेल.

पहिली चावी पहाटे फिरवली, आणि त्यालाही कारण होतं. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचं पाणी, तेल, आत येणारी हवा या सगळ्यांचं तापमान एकच असतं. मग सगळ्या सेन्सरांनी एकच आकडा दाखवला पाहिजे. पडद्यावर आलं : पाणी २१, तेल २१, हवा २२. मॅनिफोल्ड ९३. थ्रॉटल शून्य. आणि तेलाचा दाब उणे सव्वा बार.

आण्णा स्टिअरिंगवर बसले होते, हात चावीवर. "मारू का?"

"थांबा आण्णा. हात नका लावू."

बंद इंजिनात तेलाला दाब नसतो, तो शून्य असायला हवा. शून्याच्याही खाली कसा जाईल? या सेन्सरची रचना अशी की दाब अजिबात नसेल तेव्हाही तो अर्धा व्होल्ट पाठवतो. दहा बार असेल तेव्हा साडेचार. खालचा अर्धा व्होल्ट आणि वरचा अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. हे ज्यानं पहिल्यांदा ठरवलं त्या माणसाला नमस्कार करावा असा हा विचार आहे, कारण त्यामुळे 'दाब नाही' आणि 'मला बोलताच येत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या कळतात. दाब नसेल तर अर्धा व्होल्ट येईल. तार तुटली असेल तर काहीच येणार नाही, आणि त्या 'काहीच नाही'चा बोर्ड हिशेब करतो उणे सव्वा बार.

इंजिन ठीक होतं. सेन्सरही ठीक होता. कनेक्टरमधली एक पिन शेवटपर्यंत आत गेली नव्हती, 'टिक्' असा जो आवाज यावा लागतो तो आला नव्हता. त्यानं पिन ढकलली, आवाज आला, पडद्यावर ०.० आलं. मग चारही प्लग काढलेले, इंजेक्टरची जोडणी सोडलेली, अशा स्थितीत आण्णांनी स्टार्टर मारला. पाच सेकंद काही नाही. आठव्या सेकंदाला काटा हलला, त्याबरोबर पडद्यावरचा आकडाही. दोघंही दोन बारच्या पुढे जाऊन थांबले. आता प्लग बसवायला हरकत नव्हती.

खरी परीक्षा एप्रिलात झाली. कापूस निघून गेलेल्या मोकळ्या रानात त्यानं दगड मांडून वळणं आखली होती. पंधरा मिनिटं गाडी पळवली, थांबला आणि लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. पाणी ८८. तेल ११० च्या खाली. लॅम्बडा हवा तसा. तेलाच्या दाबाची रेषा चार बारच्या जवळ सपाट होती आणि मधेच एका जागी तिला खड्डा पडला होता. उजवं लांब वळण, ४,८०० फेरे, आणि दाब ३.८ वरून ०.७ वर. सहा नोंदी. सेकंदाला पंधरा नोंदी धरल्या तर ०.४ सेकंद. त्या ०.४ सेकंदात क्रँक बत्तीसदा फिरला होता, जवळपास तेलाविना. त्यानं काट्याच्या गेजकडे डोळे लावून तेच वळण पुन्हा घेतलं. काटा नुसता थरथरला. तो जड आहे, एवढ्या थोड्या वेळात खाली येऊन वर जाणं त्याला जमत नाही. पहिला संशय पुन्हा पिनवरच गेला. पण तार सुटली असती तर रेषा शून्याखाली गेली असती. ती ०.७ वर थांबली होती. म्हणजे सेन्सर बोलत होता आणि खरं बोलत होता.

संध्याकाळी आण्णांना रेषा दाखवली. आलेख वाचायची त्यांना सवय नाही, पण 'उजव्या वळणाला' हे शब्द ऐकताच ते सावरून बसले.

२०१६ च्या ज्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आण्णा टँकर चालवत होते. दिवसाला चार-चार खेपा, वाड्यावस्त्यांवर. "भरलेल्या टँकरचं भ्याव नसतंय," ते म्हणाले. "अर्ध्या टँकरचं असतंय. वळणाला सगळं पाणी एका अंगाला जातंय, गाडी वढून नेतंय. म्हणून तर आत आडवे पत्रे मारत्यात, खाली भोकं ठिवून. पाणी जातंय, पण सावकाश जातंय. तुझ्या चेंबरमंदी तेल भरलेलं असतंय का अर्धंच?"

अर्धंच असतं. चेंबरच्या तळाशी जाळी बुडवून पंप तेल ओढतो, आणि लांब वळणावर तेल एका बाजूला चढलं की जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. रस्त्यावर कुणी इतकं जोरात आणि इतका वेळ वळत नाही म्हणून कंपनीच्या चेंबरला ते पुरतं. हे त्यानं पुस्तकात वाचलेलं होतं. पण डोळ्यांपुढे आलं ते टँकरमुळे.

दुसऱ्या दिवशी चेंबर खाली उतरवलं. दीड मिलिमीटरचा पत्रा कापून जाळीभोवती चौकट केली, तिला जाळीच्या दिशेनंच उघडणारी दोन बिजागरीची झापडं बसवली, म्हणजे तेल आत येईल पण वळणाला बाहेर पळणार नाही. क्रँकचं वजन झापडांना लागत नाही ना हे पाहायला मातीचे गोळे ठेवून इंजिन हातानं फिरवलं. वेल्डिंग आण्णांनी केलं. गळती तपासायला चेंबरमध्ये रॉकेल भरून रात्रभर कागदावर ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता.

रानात पुन्हा तीच वळणं. उजवीकडे खड्डा जवळपास भरला होता, दाब ३.१ च्या खाली गेला नाही. तो नोंदी पुढे सरकवत गेला. डाव्या वळणाला, आधी कधी लक्षात न आलेली, दोन नोंदींची बारीक उतरण होती. २.२.

"मिटलं का?" आण्णांनी बांधावरून विचारलं.

"उजव्याचं मिटलं. डाव्याला थोडं हाय अजून."

आण्णांनी चपला झटकल्या आणि शेडकडे चालू लागले. तो लॅपटॉप बंद करून मागोमाग आला तेव्हा त्यांनी उरलेला पत्रा भिंतीला टेकवला होता आणि खडूनं तिसऱ्या झापडाची रेघ ओढत होते.